पन्हाळ्याकडं छत्री फिरवू नका

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर आधी जसाच्या तसा देतो. त्यातली छत्री म्हणजे घरावरची गोल डिश, आणि फ्री डिश म्हणजे तिच्यावर दिसणारी दूरदर्शनची फुकट सेवा:

"महत्त्वाची सूचना. येत्या १ तारखेपासून कोल्हापूर दूरदर्शनची फ्रिक्वेन्सी बदलत आहे. पन्हाळ्यावर नवीन डिजिटल टॉवर चालू झाला आहे. फ्री डिश कायमची बंद होणार. सर्वांनी आपापली छत्री पन्हाळ्याकडे फिरवून घ्यावी. जुने टीव्ही चालणार नाहीत. नोंदणी फी फक्त ४९९ रुपये. नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर इंटरनेटशिवाय २०० चॅनेल फुकट. सरकारी आदेश. आपल्या माणसांपर्यंत पोचवा."

"येत्या १ तारखेपासून" म्हणजे कुठल्या महिन्याच्या, ते कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळं हा मजकूर कधी शिळाच होत नाही, दर महिन्याला ताजा होऊन फिरतो. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा आंबेवाडीहून आत्तीचा फोन आला. "टीव्ही बंद पडलाय बघ. माणूस येऊन फ्रिक्वेन्सी बदलून गेला. म्हणाला, आठ दिवसांत चॅनेल येतील. मी पैसं दिऊन बसलो, आता तो फोनच उचलंना." ऐन आषाढात, पंचगंगा फुगायला लागलेली असताना, नदीकाठच्या गावातल्या बाईचा टीव्ही बंद. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली की ४३ च्या धोक्याला, हे ती सह्याद्रीच्या बातम्यांत बघते. डिश बसवायचा आणि टीव्ही दुरुस्तीचा धंदा करणारा भाचा घरात असून ही तऱ्हा. म्हणून लिहितोय.

"कोल्हापूर दूरदर्शनची फ्रिक्वेन्सी बदलत आहे." कसली फ्रिक्वेन्सी? घरावर काड्यांचा अँटेना लावून, मुंग्या आल्या की वर चढून तो हलवून आपण जे दूरदर्शन बघायचो, ते ॲनालॉग प्रक्षेपण. ऑक्टोबर २०२१ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं एक पत्रक काढलं. त्यात सरळ लिहिलंय की प्रसार भारतीचे सुमारे ७० टक्के ॲनालॉग ट्रान्समीटर आधीच बंद झालेत आणि उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद होतील. अपवाद फक्त सामरिक महत्त्वाच्या ठिकाणच्या सुमारे ५० ट्रान्समीटरचा. कारणंही त्याच पत्रकात आहेत: तंत्रज्ञान कालबाह्य झालंय, वीज फुकट जाते, आणि मोकळा होणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ५जी सारख्या कामांना लागतोय. आपल्याकडचं काड्यांच्या अँटेनावरचं दूरदर्शन त्याच लाटेत गेलं. जे बंद पडलंय त्याची फ्रिक्वेन्सी बदलायला कोण बसलंय?

मग डिजिटल टॉवर? दूरदर्शननं २०१६ च्या फेब्रुवारीत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. कोल्हापूर नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. टॉवरची फ्रिक्वेन्सी बदलली की टीव्ही नव्यानं स्कॅन करावा लागतो, हा प्रकार जगात खरोखर घडतो. ब्रिटनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल कंपन्यांसाठी मोकळा करायचा होता, म्हणून २०२० पर्यंत एकेका ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सी बदलत गेल्या आणि लोकांना घरोघरी चॅनेल पुन्हा शोधावे लागले. तिथं रिमोटचं बटण दाबलं की बहुतेकांचं काम भागायचं. तिकडची असली एखादी सूचना कुणीतरी उचलली, कोल्हापूरचं नाव चिकटवलं आणि वर पन्हाळा ठेवून दिला, असा माझा अंदाज. पन्हाळा म्हटलं की आपल्या लोकांचा लगेच विश्वास बसतो.

आता त्या छत्रीकडं येतो. मजकुरातलं सगळ्यात अडाणी आणि सगळ्यात नुकसान करणारं वाक्य तेच आहे.

डीडी फ्री डिशचा सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. कोल्हापूर ७४ अंशांच्या जरा पुढं. म्हणजे तो आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला पडतो. हिशेब केला तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण १३० अंश, आणि क्षितिजापासून वर ६० अंश. शहरात गच्चीवर उभं राहिलात तर कागल आणि हुपरी यांच्या मधल्या दिशेला तोंड करायचं आणि मान बऱ्यापैकी वर उचलायची. पन्हाळा कुठं आहे? शहरापासून वायव्येला, ३१० अंशांच्या आसपास. बरोब्बर उलट! थेट पन्हाळ्याकडं छत्री फिरवली की उपग्रहाकडं तिची पाठ होते. एवढी अचूक चूक ठरवूनसुद्धा करता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, "पण टॉवरच पन्हाळ्यावर असला तर?" असू दे की. छत्रीला तरी तो दिसणार नाही. डिशवर येणाऱ्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात, त्यांची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. जमिनीवरच्या डिजिटल टीव्हीच्या लहरी ५०० मेगाहर्ट्झला धरल्या तर ६० सेंटीमीटर लांब. घरोघरची छत्रीच मुळी ६० सेंटीमीटरपासून पुढं असते, म्हणजे जवळपास लहरीएवढीच, तिला ती लहर नीट गोळा करता येत नाही. आणि छत्रीसमोरच्या दांडीवर जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, बसवलेला असतो, त्याच्या टोपीखाली दोनेक सेंटीमीटर रुंदीची नळी असते. तेवढ्यातून ६० सेंटीमीटरची लहर आत शिरतच नाही. त्यातून शिरलीच, तरी आतलं सर्किट फक्त १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचं ऐकून ते ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतं आणि वायरीतून खाली पाठवतं. बाकीचं त्याला ऐकूच येत नाही. कोल्हापुरात उद्या खरंच जमिनीवरचा डिजिटल टीव्ही आला, तर त्याला काड्यांचाच अँटेना लागेल, यूएचएफचा, आडवा धरलेला. छत्री नाही.

आत्तीच्या स्लॅबवर गेलो तेव्हा छत्री खरोखर जोतिबा-पन्हाळ्याच्या अंगाला तोंड करून उभी होती. क्लँपचे नटबोल्ट पान्ह्यानं असे आवळलेले, की त्या माणसाला धंद्यातलं थोडंफार कळत असणार. एलएनबीसुद्धा त्यानं पिळून वाकडा केला होता. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ भरलेली, क्वालिटी शून्य. यातच सगळे फसतात. स्ट्रेंथ दाखवते ती एवढंच की वायर शाबूत आहे आणि एलएनबीला करंट पोचतोय. चित्र येतं ते क्वालिटीवर. तो माणूस बहुतेक हीच पहिली पट्टी दाखवून "बघा आजी, सिग्नल आलाय" म्हणाला असणार.

आणि लोकांना हे खरं का वाटलं, तेही सांगतो. जून ते ऑगस्ट आपल्याकडं पाऊस जोरात आला की डिश जाते. इतक्या आखूड लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात, चित्राचे चौकोन होतात, अडकतं, मग निळा पडदा येतो. जुन्या ॲनालॉगला नुसत्या मुंग्या यायच्या आणि आवाज तरी चालू राहायचा. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही, आहे तर स्वच्छ आहे, नाही तर काहीच नाही. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी ऐन वाक्यात तुटली आणि दोन मिनिटांनी हा मजकूर फोनवर आला, की माणूस म्हणणारच, "बघ, बदलली फ्रिक्वेन्सी." पाऊस ओसरला की अर्ध्या तासात चित्र परत येतं. तेवढा वेळ छत्रीला हात लावू नका. बातम्याच ऐकायच्या असतील तर रेडिओ लावा, आकाशवाणीला पावसानं काही होत नाही.

"फ्री डिश कायमची बंद होणार." नाही. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली आणि चालूच आहे. बदलते ती चॅनेलची यादी. खासगी चॅनेलना जागा लिलावानं मिळतात आणि वर्ष धरतात १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणून एप्रिल उजाडला की काही चॅनेल जातात, काही येतात, काहींचे नंबर हलतात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले फुकट हिंदी चॅनेल काढून घेतले, २०२० मध्ये परत आणले, २०२२ च्या एप्रिलला पुन्हा काढले. त्या प्रत्येक वेळी माझ्याकडं "डिश बंद झाली" म्हणून फोन आले. एवढ्यापुरतं "१ तारीख" हे शब्द अगदीच हवेतून आलेले नाहीत, हे कबूल. उपाय एकच: मेनूत जाऊन ऑटो स्कॅन. फुकट होतो, शेजारचं शाळकरी पोरगंसुद्धा करून देतं.

"नोंदणी फी ४९९ रुपये." फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, नोंदणी नाही, रिचार्ज नाही. छत्री आणि बॉक्स घ्यायचा आणि बसवणाऱ्याची मजुरी द्यायची, तीही एकदाच. माझ्यासारखा कुणी घरी येऊन छत्री सरळ करून गेला तर तो मजुरी घेईल आणि ती मजुरी म्हणूनच मागेल. सरकारी फी म्हणून कुणी मागितली तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. काही ठिकाणी याच मजकुराखाली लिंक येते आणि ती दाबली की एक ॲप उतरवायला सांगतात. ते उतरवू नका, ओटीपी तर मुळीच सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे, आणि जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आत्तीनं रोख दिले होते. ते गेले.

जुने टीव्ही चालणार नाहीत म्हणे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा डबडा टीव्ही असला तरी बॉक्स त्याला जोडता येतो. कित्येक घरांत मी स्वतः जोडून दिलेत.

आता मोबाईलवर इंटरनेटशिवाय टीव्ही. हे साफ खोटं म्हणता येत नाही याचाच राग येतो. डी२एम, म्हणजे टॉवरवरून थेट मोबाईलवर प्रक्षेपण, यावर प्रसार भारती आणि कानपूरची आयआयटी काम करतायत. दिल्ली आणि बेंगळुरूत चाचण्या झाल्यात, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखायचं बोललं गेलंय. पण ते पकडायला फोनमध्ये वेगळी चिप लागते. ४९९ भरून ती तुमच्या हातातल्या फोनमध्ये उगवत नाही.

ज्यांनी छत्री आधीच फिरवून घेतलीय त्यांच्यासाठी: मोबाईलमधलं होकायंत्र उघडा, लोखंडी दांड्यापासून जरा लांब उभं राहून १३० अंशांची दिशा बघून ठेवा, क्लँप थोडा सैल करा आणि छत्री त्या दिशेला आणा. खाली एकाला टीव्हीसमोर बसवा. छत्री बोटभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, क्वालिटीची पट्टी हलली का विचारायचं, मग पुन्हा बोटभर. पट्टी सगळ्यात वर गेली की नट आवळायचे, आणि आवळताना ती खाली येत नाही ना तेही बघायचं. पाऊस पडत असताना स्लॅबवर चढू नका, शेवाळ असतं.