‘टॉवरची गरज संपली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘मोबाइल आता थेट सॅटेलाइटला जोडणार. टॉवर इतिहासजमा, सिम कंपन्यांचा खेळ खलास. गावात छोटा एज सर्व्हर (माहिती जवळच साठवून ठेवणारा संगणक) बसवला की बाहेरच्या इंटरनेटचीही गरज नाही.’ नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमसाठी स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीशी इरादापत्र केलं, त्याचाही हवाला यात दिलेला असतो. पण स्टारलिंकचं ब्रॉडबँड छतावरच्या डिशमधून येतं, खिशातल्या फोनमधून नव्हे.

‘टॉवर इतिहासजमा.’ आपला फोन जेमतेम ०.२ वॅट ताकदीने बोलतो. एवढा क्षीण आवाज शेकडो किलोमीटरवरून ऐकायचा तर कान केवढा लागेल? डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या, थेट फोनशी बोलणाऱ्या ब्लूबर्ड उपग्रहाचा अँटेना २२३ चौरस मीटरचा आहे. म्हणजे जवळपास २,४०० चौरस फूट, चार वन-बीएचके मावतील इतका! तरीही उपग्रहाचा एक झोत जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरतो आणि त्याखालच्या सगळ्यांना तेवढ्याच रेडिओ लहरी वाटून घ्याव्या लागतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर एक टॉवर काहीशे मीटरच सांभाळतो, म्हणून तिथे स्पीड मिळतो. शिवाय स्लॅबखाली गेलात की उपग्रहाची रेंज जाते.

‘सिम कंपन्यांचा खेळ खलास.’ अमेरिकेत टी-मोबाइल या सिम कंपनीने स्टारलिंकच्या खास उपग्रहांवरून फोनला थेट जोडणारी सेवा जुलै २०२५ मध्ये सुरू केली. लहरी टी-मोबाइलच्या, बिलही त्यांचंच. टॉवर सापडला नाही तरच फोन वर बघतो.

एज सर्व्हरचा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. शाळेचे व्हिडिओ रात्री एकदा उतरवून टॉवरजवळच्या सर्व्हरवर ठेवले तर दिवसभर बाहेरच्या जोडणीवर भार पडत नाही. हे उत्तमच आहे. पण रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन घ्या. आजी बोट ठेवतात, ठसा आधारच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जुळतो, मगच धान्य मोजलं जातं. ती पडताळणी गावातला सर्व्हर करू शकत नाही. यूपीआयचंही तेच, पैसे वळते करायला बँकच लागते. बाहेरचा दुवा तुटला की दुकानदार मशीन घेऊन रेंजसाठी टेकडी चढणार आणि आजी खाली रांगेत थांबणार.

मात्र ही देवाणघेवाण अगदी थोड्या डेटाची असते. तिला ५५० किलोमीटरवरचा उपग्रह सहज पुरतो; ३६,००० किलोमीटरवरचासुद्धा चालेल, फक्त जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागेल. म्हणूनच उपग्रहाची खरी जागा टॉवरच्या पाठीमागे आहे, म्हणजे जिथे फायबर पोचत नाही तिथे टॉवरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडण्यात. जपानमध्ये केडीडीआय या मोबाइल कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये हात्सुशिमा बेटावर हेच केलं. फोन नेहमीचे, टॉवरही नेहमीचा, फक्त टॉवरमागचा दुवा स्टारलिंकचा. त्यामुळे तुमच्या ग्रामसभेने टॉवरसाठी ठराव केला असेल, तर या मेसेजपायी तो मागे घेऊ नका. त्यात एक ओळ वाढवा: फायबर येईपर्यंत टॉवरला उपग्रहाची जोडणी द्या.