वढवाण्याला जायचंय म्हणून २०× दुर्बीण घेऊ नका, प्लीज

थंडी पडली की आपल्या बडोद्यातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो, काल मला तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की वढवाण्याच्या तलावावरचे पक्षी बघायचे तर कमीत कमी २०×५० घ्या, ८× मध्ये काही दिसत नाही, लाल काचेची असेल तर रात्रीसुद्धा दिसतं, झूमवाली घेतली तर प्रश्नच मिटला आणि चष्मेवाल्यांनी चष्मा काढूनच बघायचं. हा मेसेज वाचून खर्च केलेली माणसं एकदा येतात, डोकं दुखतं म्हणून परत जातात आणि मग येतच नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी २०× चं बघू. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता पक्षी वीस पट मोठा होतो तसा तुमच्या हाताचा थरथराटपण वीस पट होतो ना! बांधावर उभे आहात, वारा सुटलाय, आणि पट्टकदंब हंसाच्या डोक्यामागच्या ज्या दोन काळ्या पट्ट्यांवरून तो ओळखायचा त्याच हलतायत. ८× मध्ये पक्षी लहान दिसतो पण स्थिर दिसतो, पट्ट्या नीट मोजता येतात. शिवाय ८×४२ मधून शंभर मीटरवर साधारण तेरा मीटर रुंद भाग दिसतो, २०×५० मधून जेमतेम साडेपाच-सहा, म्हणजे उडालेला पक्षी परत सापडेपर्यंत तो पार पलीकडच्या काठावर गेलेला असतो.

उजेडाचं गणित तर घरीच करता येतं. ५० ला २० ने भागा, अडीच मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यात येणारी उजेडाची चकती एवढी असते. भर दुपारी अडीच पुरतात, पण पहाटे डोळ्याची बाहुली मोठी उघडलेली असते आणि पक्ष्यांची खरी धावपळ तेव्हाच असते, त्या वेळी २०× मधून सगळं काळपट दिसतं.

वढवाण्यात बदकांचे थवे खूप लांब बसतात हे मात्र खरं आहे, गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव तसा मोठाच आहे, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आला. पण त्या लांबच्या थव्यांसाठी ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण लागते, हातात धरलेली २०× नाही.

आता लाल काच. काचेवरचा लेप लाल उजेड परत फेकतो म्हणून काच समोरून लाल चमकते आणि आतून सगळं हिरवट दिसतं, चक्रवाक बदकाचा तो सुंदर नारिंगी रंग मळून जातो. रात्री दिसण्याशी त्याचा काही संबंध नाही. खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ (म्हणजे सगळ्या काचांवर लेपाचे अनेक थर) लिहिलंय का ते बघा, कारण बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के उजेड वाया जातो आणि आत अशी बरीच पृष्ठं असतात.

झूमवाली घेऊच नका. स्वस्तातल्या झूम दुर्बिणीत दोन्ही डोळ्यांचं झूम एकसारखं राहत नाही, डोकं दुखतं ते त्यानेच.

चष्मा काढायची गरज नाही. आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर असलेली घ्या आणि डोळ्याकडची रबरी कडी खाली फिरवा, बस. माझी आई चष्म्यासकटच बघते. तिला आधी अंधुक दिसायचं ते उजव्या डोळ्याची रिंग लावली नव्हती म्हणून: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने फोकस करायचा, मग डावा झाकून फक्त उजवीकडची रिंग फिरवायची. तेवढं केलं आणि तिने पहिल्यांदा खंड्याची चोच नीट बघितली, तो दिवस मी विसरणार नाही.

रविवारी सकाळी सातला मी कमाटीबागेत विश्वामित्रीच्या पुलावर असेन, माझी ८×४२ आणि मित्राची २०×५० दोन्ही आणतो, काठावर मगर दिसली तर दोन्हींतून बघा आणि मग काय घ्यायचं ते ठरवा.