‘वोक्स’ ही ‘वाक्’ची लेक नव्हे, बहीण

संस्कृतच्या अभिमानापोटी एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आवाजासाठीचा लॅटिन शब्द ‘वोक्स’ म्हणे आपल्या ‘वाक्’चा अपभ्रंश. विल्यम जोन्स या ब्रिटिश संस्कृत-अभ्यासकानेही म्हणे संस्कृतला सगळ्या भाषांची आई म्हटलंय, आणि ‘ॲडव्होकेट’ म्हणजे बिघडलेला ‘अधिवक्ता’. संस्कृत मी आवडीने शिकलो, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी अपभ्रंशाचं बघू. दोन्ही शब्दांचं नातं अगदी सख्खं आहे. द्वितीया एकवचनं शेजारी मांडा: वाचम्, वोकेम्. चुकलीय ती दिशा. ‘वोक्स’च्या शेवटचा ‘स्’ हा प्रथमेचा प्रत्यय. पाणिनीही ‘वाच्’ला आधी हाच स्, ‘सु’ या नावाने, लावतो आणि मग ‘हल्ङ्याब्भ्यः’ या सूत्राने त्याचा लोप करतो! संस्कृतात गळालेला स् लॅटिनने जपलाय, अवेस्तेतल्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, ‘वाख्श्’मध्येही तो दिसतो.

कुणी म्हणेल, लॅटिनने स् नंतर चिकटवला असेल. मग स्वर बघा. संस्कृत ‘दश’ आणि ‘अष्ट’, दोन्हींत सुरुवातीला अ. लॅटिनमध्ये ‘देकेम’ आणि ‘ओक्तो’, ग्रीकमध्ये ‘देका’ आणि ‘ओक्तो’. संस्कृत आई असती, तर एकाच अ चा कुठे ए करायचा आणि कुठे ओ, हे या दोघींनी नेमकं सारखंच कसं ठरवलं? मुळात ए आणि ओ वेगळे होते, संस्कृतात त्यांचा अ झाला. ‘वोक्स’मधला ओ त्याच जुन्या घरातला.

जोन्सच्या तोंडी घातलेलं वाक्य तर त्याच्या म्हणण्याच्या उलट आहे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात त्याने संस्कृतची रचना ग्रीकपेक्षा निर्दोष आणि लॅटिनपेक्षा समृद्ध असल्याचं सांगितलं, हे खरं. पण पुढे तो म्हणाला की या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही.

राहिला वकील. ‘वोक्स’वरून ‘वोकारे’, म्हणजे हाक मारणे, बोलावणे. ‘आद्वोकातुस’ म्हणजे मदतीला बोलावलेला. आपला ‘अधिवक्ता’ मात्र स्वतः बोलणारा, बाजू घेऊन बोलणारा. रुद्र म्हणणाऱ्यांना ‘अध्यवोचदधिवक्ता’ पाठच असतं. एक कर्मणी, दुसरा कर्तरी. ‘आद्’ आणि ‘अधि’ हे उपसर्गही एक नव्हेत. ‘अधिवक्ता’ वेदांतला आहे, त्याला कोर्टातल्या काळ्या कोटाचा आधार कशाला हवा?