धरण बांधा, वीज फुकट? काका, जरा थांबा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘गरीब देशांना मोठ्या धरणांशिवाय तरणोपाय नाही. धरणाची वीज स्वस्त, स्वच्छ आणि भरवशाची. सौरऊर्जा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, सूर्य मावळला की अंधार!’ पाठवणारे काका मला वडिलांसारखे आहेत, म्हणून हे सविस्तर.

आधी ‘स्वस्त’. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली २४५ मोठ्या धरणांचे हिशेब तपासले. खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्के वाढलेला निघाला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वेळेचं काय? सरदार सरोवराची कोनशिला १९६१ची, लोकार्पण २०१७चं. तोवर एक पिढी म्हातारी झाली. उलट २०२० साली गुजरातच्या लिलावात सौर विजेचा भाव निघाला युनिटला १ रुपया ९९ पैसे. पुढे तो थोडा चढला हे खरं, पण याला चोचले म्हणायचं?

आणि जमिनी गेल्या त्यांचा हिशेब कुठे मांडायचा? हे पुणेकराला सांगावं लागू नये. १९२१मध्ये सेनापती बापट मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले ते याचसाठी. शेतं मावळ्यांची बुडाली, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि दिवे मुंबईत लागले. जागतिक धरण आयोगाने २००० साली जगभरच्या धरणग्रस्तांचा आकडा ४ ते ८ कोटी दिला.

‘भरवशाची’ हे झांबियात जाऊन म्हणून बघा. तिथली ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर. २०२४च्या दुष्काळात करिबाचा जलाशय तळाला गेला आणि लोकांनी दिवसाचे वीस-वीस तास अंधारात काढले.

‘स्वच्छ’बद्दल एकच उदाहरण: ब्राझीलचं बालबिना धरण. २५० मेगावॅटसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल बुडालं. ते पाण्याखाली कुजतं आणि मिथेन सोडतं.

आता रात्रीचं. हा मुद्दा मात्र काकांचा खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण त्याचं उत्तर नवं धरण हेच असतं असं कुठे आहे? आपली कोयना बघा. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. जनित्रं कितीही वाढवा, पाणी तेवढंच. मग दुपारी सौर विजेवर भागवलं तर तेवढं पाणी धरणात राहतं आणि संध्याकाळी सात वाजता, सगळ्या गावाचे दिवे-पंखे एकदम सुरू होतात तेव्हा, कामी येतं. घाटघरला तर २५० मेगावॅटचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे: वीज उरली की पाणी वर चढवायचं, टंचाई झाली की खाली सोडायचं. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, नेमका तेव्हाच साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांना वारा मिळतो.

म्हणजे असलेली धरणं नीट वापरायची. धरणांशी माझं वैर नाही, रोज पानशेत-खडकवासल्याचंच पाणी पितो. पण घानात किंवा नेपाळात आज नव्याने पैसा घालायचा असेल, तर तो वर्षानुवर्षं रखडू शकणाऱ्या भिंतीत का घालायचा? सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, तोही तुकड्यातुकड्यानं.

बाकी काका, आपल्या गच्चीवरच्या सोलरचा विषय दोन सर्वसाधारण सभांपासून ‘ऐनवेळचे विषय’मध्ये पडून आहे. अध्यक्ष तुम्हीच आहात.