मिक्सचा भाव

गेल्या मंगळवारी मी माझीच वस्तू बाराशे रुपये मोजून परत विकत घेतली. ज्याने ती मला विकली, त्याने ती सोळा दिवसांपूर्वी माझ्याकडूनच अडीचशे रुपयांना नेली होती, आणि या सगळ्या व्यवहारात त्याने कुठेही लबाडी केली नाही, हीच माझी त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

वस्तू म्हणजे वडिलांच्या १९८३ सालच्या चेतकचे, प्लगला ठिणगी पुरवणारे मॅग्नेट आणि त्याच्या पोटातली पॉइंटची प्लेट. त्या काळी स्कूटरचे बुकिंग करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे आमच्या घरात तिचा मान धाकट्या काकांपेक्षा थोडा वरचा आहे. अकरा वर्षे ती जिन्याखाली उभी होती, आणि हा दोष तिचा नसून माझा आहे. आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता ते आसरा चौक या पट्ट्यातल्या तीन मेकॅनिकांनी तिला हात लावायला नकार दिला. दोघांनी पार्ट मिळत नाहीत म्हणून आणि तिसऱ्याने वेळ नाही म्हणून. तिसऱ्याच्या दुकानात त्या वेळी तो, मी आणि एक झोपलेले कुत्रे एवढेच होतो. तेव्हा ती घरीच खोलायची असे मी ठरवले.

तो एप्रिलमधला रविवार होता आणि आमच्या भागात पाच दिवसांनी पाणी आले होते, म्हणून अख्खी गल्ली पाइप आणि बादल्या घेऊन बाहेर होती. मी अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर स्कूटरचे अवयव ओळीने मांडले होते: डाव्या हाताला कार्बोरेटर, मधोमध सिलिंडर आणि पिस्टन, पायथ्याशी कॉर्कच्या क्लच प्लेटा. तेवढ्यात भोंग्यावरून 'लोखंड, पत्रा, रद्दी' असा पुकारा करत एक हातगाडी फाटकासमोर थांबली, आणि तिचा मालक कोणी न बोलावता आत येऊन चादरीच्या कडेला उकिडवा बसला.

"कधी खोललाव?" त्याने विचारले.

"सकाळी."

"एकट्यानं?"

या प्रश्नात मला कौतुक ऐकू आले, आणि पुढची सगळी फजिती त्या ऐकण्यातून झाली. मी होय म्हणालो. त्याने मान डोलावली आणि माझी ओळ मोडून वस्तूंचे ढीग करायला सुरुवात केली. साइडच्या झाकणांचा पत्रा एकीकडे, सिलिंडरचे बीड दुसरीकडे, इंजिनचे अल्युमिनियम तिसरीकडे. दोन तास खपून मी जी मांडणी खोलण्याच्या क्रमाने केली होती, ती त्याने दीड मिनिटात धातूंच्या भावाच्या क्रमाने लावली.

"जुळलेली गाडी असती तर किलोमागं दोन रुपये कमी करतो आम्ही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तोडायची मजुरी जाती की. तुम्ही सगळं खोलून ठेवलंय, तेवढं आमचं काम वाचलं."

इतके दिवस ज्या उद्योगाला घरातले 'पसारा' म्हणत होते, त्याचे मोल कोणीतरी पहिल्यांदाच केले होते, आणि ते किलोमागे दोन रुपये निघाले होते.

"हे विकायचं नाही," मी म्हणालो.

"मग मांडलंय कशाला?"

"दुरुस्त करतोय."

त्याने चादरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा चादरीकडे. "म्हंजे परत जोडणार?"

"हो."

"हे सगळं?" आणि एक बारीकशी सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी कडी, बोटावर अडकवून त्याने माझ्यासमोर धरली. "हे कुठलं?"

ती कुठली हे मला आठवेना. "त्यातलंच आहे," असे मी म्हणालो, आणि शेजारच्या वहिनींच्या पाइपचे पाणी बादलीबाहेर सांडत असल्याचे मला जाणवले, कारण त्या बादलीकडे बघत नव्हत्या. त्याने सर्कलिप चादरीवर जपून ठेवली आणि आवाज खाली आणून विचारले, "घरात कुणी मोठं हाय का?"

माझे वय चोपन्न आहे. घरात माझ्याहून मोठी अशी त्या क्षणी एक आई होती, आणि ती आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होती. हा अपमान पचवायला मला काहीतरी मोठेपणा दाखवणे भाग होते. म्हणून मी जिन्याखालून जुने मॅग्नेट आणि पॉइंटची प्लेट आणून त्याच्या तागडीत टाकली आणि म्हणालो, "भंगार हवं ना? हे आहे भंगार. मी आता इलेक्ट्रॉनिक बसवतोय."

जुन्या चेतकची ठिणगी ज्या पद्धतीने पडते, ती पद्धत भाबडी असली तरी प्रामाणिक आहे. मॅग्नेट फिरते, आतला कॅम पॉइंट उघडतो, कंडेन्सर पॉइंटवरची जळजळ आवरतो आणि कॉइल प्लगकडे ठिणगी पाठवते. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असली म्हणजे झाले. काजळी धरली तर रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपर मारायचा, तो नसेल तर काडेपेटीची कड. वडील हे काम धोतराला डाग न पडू देता करत. इलेक्ट्रॉनिक संचात पॉइंटही नाही आणि कंडेन्सरही नाही. एक काळी डबी असते आणि तिच्यात डांबरासारखे काहीतरी ओतून ती कायमची बंद केलेली असते. मी साडेचार हजार रुपये देऊन तो संच मागवला होता आणि त्याला 'अपग्रेड' म्हणत होतो.

तागडीत तीन किलो दोनशे ग्रॅम भरले.

"अल्युमिनियमचा भाव लावा," मी म्हणालो.

"आत लोखंड हाय. मिक्स."

"तांब्याची कॉइल आहे त्यात."

"जळकं तांबं. मिक्सच."

मिक्सचा भाव ऐंशी रुपये. हिशोब दोनशे छप्पन्नचा झाला आणि त्याने अडीचशे दिले, कारण सहा रुपये सुटे नव्हते. ते सहा रुपये अजून यायचे आहेत.

स्कूटर मी जोडली, आणि सर्कलिपही तिच्या जागी गेली. पंधराव्या किकला ती सुरू झाली तेव्हा आई बाहेर येऊन उभी राहिली, त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. मधल्या काळात पेट्रोलचा रबरी पाइप फुगून शेवयांसारखा मऊ झाला, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि १९८३ च्या रबराला ते सोसत नाही. उसाच्या जिल्ह्यात राहून उसाविरुद्ध बोलायची सोय नाही, म्हणून मी मुकाट्याने पाइप बदलला. बारा दिवस गाडी उत्तम चालली. तेराव्या दिवशी भर दुपारी होटगी रोडवर ती डबी मेली.

मी किक मारत असताना चार अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या वेळी थांबून "गाडी आडवी करा" असे सांगितले. चेतक आडवी केली की सुरू होते ही महाराष्ट्राची सार्वजनिक श्रद्धा आहे, आणि मी चारही वेळा ती आडवी केली, कारण नाही म्हटले असते तर ते थांबून राहिले असते. मग चार किलोमीटर ढकलत घरी आणली. संच विकणाऱ्याला फोन केला, तर त्याने दोन गोष्टी सांगितल्या: डबी सुटी मिळत नाही, आणि इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नसते. त्या संचात इलेक्ट्रिकल नसलेले असे एक खोकेच होते.

म्हणून मंगळवारी मी त्या हातगाडीवाल्याचे गोदाम शोधत गेलो. त्याने मला ओळखले. माझे मॅग्नेट फडताळात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते आणि त्यावर खडूने 'चेतक, चालू' असे लिहिले होते. पॉइंटही त्याने घासून ठेवले होते.

"दोनशे छप्पन्नचा माल," मी म्हणालो. "तीनशे घ्या."

"तो भंगारचा भाव हो मालक. हा पार्ट हाय. पार्ट किलोनं कसा देऊ?"

"पण हा माझाच आहे!"

"म्हणून तर बाराशे. दुसऱ्याला पंधराशे सांगितले असते."

मी पैसे मोजले. सहा रुपयांची आठवण करून द्यावी असे दोनदा मनात आले, पण जिभेवर आले नाही. निघताना मी खिशातली काळी डबी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि हिचे काय येईल ते विचारले. त्याने ती तळहातावर घेतली, कानाशी नेऊन हलवली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ह्याचं काय येत न्हाई. प्लास्टिकच लई हाय."

ती डबी आता स्कूटरच्या डिक्कीत जादा प्लगच्या शेजारी पडून आहे.