पूर नदी धूत नाही, शेतं धुतो

जुलैत कृष्णा-दूधगंगेचं पाणी चढायला लागलं की आपल्या बेळगाव भागातल्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो: 'पूर म्हणजे नदीची आंघोळ. खताचं प्रदूषण हा उन्हाळ्यातला प्रश्न. दुष्काळी वर्षी तर खत वाहतच नाही. आणि नदी घाण करतात कारखाने न् शहरं, शेतीचा काय संबंध?' चिकोडी-निपाणीपासून खानापूरपर्यंत जाणती माणसंसुद्धा तो पुढे पाठवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं, आंघोळीचं. उसाच्या भरणीला, म्हणजे बुडख्याला माती लावताना, युरिया विस्कटला आणि त्याच रात्री धो धो पाऊस लागला, तर सकाळी सरीत पांढरा दाणा दिसत नाही. पिकाला तो एका रात्रीत लागू होत नसतो. 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. पाण्यात विरघळलेलं नत्र सरीतून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जातं. जे जमिनीत उरतं त्याचं काही दिवसांत नायट्रेट होतं. मातीच्या कणांना ते धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. स्फुरदाची (फॉस्फरसची) तऱ्हा वेगळी. ते मातीला चिकटून बसतं, म्हणून बांध फुटून माती गेली की तिच्यासोबत जातं. पुराचं पाणी गढूळ दिसतं ते यामुळेच: त्यात आपल्या शिवाराची माती असते. ती बंधाऱ्यांमागे आणि पुढे कृष्णेवरच्या हिप्परगी बंधाऱ्याच्या, आलमट्टी धरणाच्या फुगवट्यात जाऊन बसते.

'पण एवढ्या पाण्यात खत पातळ होतं ना?' होतं, कधीकधी. एका लिटरमागचं प्रमाण कमी भरू शकतं, पण लिटर किती वाढले तेही बघा. वर्षभरात नदीला जाणाऱ्या खताचा मोठा वाटा मोजक्या जोरदार पावसांत जातो. पाऊस पूर्वीसारखा रिपरिप न पडता दोन दिवसांत कोसळू लागला, तर हा वाटा वाढणारच.

उन्हाळ्यातलं म्हणणं अर्धं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये प्रवाह थांबतो, पाणी तापतं, आणि बंधाऱ्यामागे केंदाळ पसरतं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. तळाला तो संपला की गाळात बसलेलं स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं. म्हणजे मेमध्ये दिसणाऱ्या हिरव्या पाण्याला खुराक आधीच्या पावसाळ्यानेच आणून दिलेला असतो.

दुष्काळी वर्षाचं तर मला सगळ्यात जास्त खटकतं. पीक वाळलं की दिलेलं नत्र उचललं जात नाही, ते जमिनीत पडून राहतं. काळ्या रानाला हातभर भेगा पडतात. पुढच्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस ती शिल्लक घेऊन निघतो. 2023 ला कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला आणि 2024 च्या जुलैत चिकोडी भागातले पूल पाण्याखाली गेले. अशी जोडी नदीला फार वाईट.

कारखाने आणि शहरांना मी सूट देत नाही. उन्हाळ्यात प्रवाहच नसतो, तेव्हा सांडपाण्याचा वाटा ठळक असतो आणि त्याचा जाब त्यांनाच विचारायला हवा. पावसाळ्यात मात्र आपल्या शेतांतून वाहून आलेलं पाणीही नदीला मिळतं.

पाऊस आपल्या हातात नाही, खताचा दिवस आहे. हवामान खात्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मोबाइलवर मिळतो. जोराचा पाऊस असेल तर युरिया दोन-चार दिवस थांबू द्या. एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, आणि मातीआड करा. येळ्ळूर-वडगावकडच्या भातातही तेच. पाणी तुंबलेलं असताना विस्कटायचं आणि मग बांध फोडायचा, म्हणजे विकतचं खत नाल्यात ओतणं. आधी पाणी उतरवा, ओल्या चिखलात खत द्या आणि दोन दिवसांनी पाणी परत अडवा.