सिग्नलचा 'जनक' आणि तो फॉरवर्ड

शाळेच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय: "लाल-पिवळा-हिरवा, जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाने १९२३ साली बनवला, जनरल इलेक्ट्रिकने तो विकत घेऊन जगभर लावला." खाली हात जोडलेल्यांची रांग. माणूस खरा, पेटंटही खरं, पण बाकीचं जरा बघूया.

'पहिला' तर नाहीच. लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्येच खांब उभा राहिलेला, जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनियरचा, दिवसा रेल्वे सिग्नलसारखे हात वरखाली आणि रात्री लाल-हिरवे दिवे. महिन्याभरात स्फोट झाला, तो चालवणारा पोलीस जखमी, खेळ खल्लास. (यालाच 'पहिला इलेक्ट्रिक' म्हणणारेही भेटतात. अहो, गॅसचे दिवे होते ते, म्हणून तर उडाले!)

बरं मग विजेवरचा पहिला तरी? तोही नाही. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत लेस्टर वायर नावाच्या पोलिसाने लाकडी खोक्यात लाल-हिरवे बल्ब बसवून ते खांबावर चढवलं, दिसायला अगदी पक्ष्यांसाठी टांगतात तसलं छोटं घर, आणि बटण दाबायला पोलीसच. पण खरी गंमत पुढे आहे. ५ ऑगस्ट १९१४ ला युक्लिड अव्हेन्यू आणि ईस्ट १०५ स्ट्रीटच्या चौकात जेम्स होगच्या डिझाइनचे विजेचे सिग्नल सुरू झाले, कोपऱ्यांवरच्या खांबांवर लाल-हिरवे दिवे, रंग बदलायच्या आधी बझर वाजायचा, कंट्रोल बाजूच्या केबिनमधल्या पोलिसाकडे, आणि अग्निशमनाची गाडी आली की सगळी वाहतूक थांबवायची सोय. हे कुठल्या शहरात? क्लीव्हलँड. म्हणजे मॉर्गनच्याच गावात, त्याच्या पेटंटच्या नऊ वर्षं आधी! होगचं पेटंटही १९१८ चं.

पिवळा दिवा? तो डेट्रॉइटचा पोलीस विल्यम पॉट्सचा, १९२०, रेल्वेचे तिन्ही रंग रस्त्यावर आणले त्याने.

मग मॉर्गनचं काय होतं? टी आकाराचा खांब, हँडल फिरवून हलणारे हात, त्यावर 'स्टॉप' आणि 'गो'. तिरंगी दिव्यांचा संबंधच नाही. त्यातली हुशारी अशी की मधेच चारही बाजू एकदम थांबवायच्या, म्हणजे चौक रिकामा होतो आणि पायी चालणारे पार होतात. हे चांगलंच होतं, त्याला कोण नाही म्हणतंय. आणि 'जगभर लावला' म्हणणाऱ्यांनी सांगावं, हँडलवाला खांब शेवटचा कुठल्या चौकात पाहिला? जगभर गेले ते विजेचे दिवे.

चीड येते ती यासाठी की त्याचं खरं मोठं काम कोणी फॉरवर्डच करत नाही. त्याने धुरात श्वास घेता येईल असा टोप बनवलेला, आणि १९१६ मध्ये क्लीव्हलँडजवळच्या ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला तेव्हा तोच टोप घालून, भावाला बरोबर घेऊन, विषारी वायू भरलेल्या बोगद्यात स्वतः उतरला आणि माणसं बाहेर काढली. शहराने शौर्याच्या पदकांसाठी नावं सुचवली ती मात्र दुसऱ्यांची.